घरासाठी वाय-फाय राउटर कसा निवडावा? एका डॉक्टरचं उत्तर

गेल्या काही वर्षांत माझ्या ओपीडीत एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. रक्तदाब मोजून होतो, गोळ्या लिहून होतात, रुग्ण उठून दारापर्यंत जातो आणि तिथून वळून विचारतो, "डॉक्टरसाहेब, घरात वाय-फाय बसवायचं म्हणतो. चालेल ना?" कुणाची सून गरोदर असते, कुणाच्या वडिलांना पेसमेकर असतो, कुणाचा नातू दहावीला असतो. प्रश्न आरोग्याचा असतो, म्हणून उत्तर देणं माझं कामच आहे. पण त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, "मग कोणता घेऊ?"

हा दुसरा प्रश्न दुकानदाराला विचारायचा, असं मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही. माझ्या जुन्या रुग्णांपैकी अनेकांचा फेरतपासणीचा कॉल आता त्याच खोक्यातून येतो. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि व्हिडिओ, फोन किंवा लेखी संदेशावरून सल्ला देण्याला स्पष्ट चौकट मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली. मुलं पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात आणि आई-वडील रावेर तालुक्यातल्या गावात, अशी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्या घरांत राउटर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. म्हणून आज दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र देतो. मी इंजिनिअर नाही. पण घरचा आणि दवाखान्याचा राउटर मी स्वतः निवडून बसवला आहे, आणि रुग्णांच्या घरचे अनुभव रोज ऐकतो.

आधी भीतीबद्दल बोलू

"रेडिएशन" हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर एक्स-रे येतो. पण सगळे किरण सारखे नसतात. एक्स-रेच्या किरणांत इतकी ऊर्जा असते की ते पेशीतल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकतात, डीएनएला इजा करू शकतात. म्हणून आम्ही एक्स-रे गरजेपुरताच काढतो. वाय-फायच्या लहरी रेडिओच्या जातीच्या आहेत. असा इलेक्ट्रॉन बाहेर काढायला जितकी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे दहा लाखावा भाग या लहरींच्या एका कणात असतो. त्यांचा शरीरावरचा सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे उष्णता. आणि तीही लहरी खूप तीव्र असतील तरच.

तीव्रता किती असते? घरगुती राउटर साधारण ०.१ वॅटपासून फार तर १ वॅटपर्यंत लहरी सोडतो. आपण वरचा आकडा धरू. दोन मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत त्यातले दर चौरस मीटरला सुमारे ०.०२ वॅट पोचतात. सर्वसामान्य लोकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला १० वॅट आहे. म्हणजे पाचशे पट कमी. अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. कानाला चिकटवलेल्या मोबाइलमधून डोक्याला जे मिळतं, त्यापुढे कोपऱ्यातल्या राउटरचं काहीच नाही.

"पण डॉक्टर, डब्ल्यूएचओनेच म्हटलंय ना, की याने कॅन्सर होऊ शकतो?" हा मेसेज मलाही अनेकदा आला आहे. खरी गोष्ट अशी. डब्ल्यूएचओच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना "२बी" या गटात ठेवलं. या गटाचा अर्थ "शक्यता पूर्ण नाकारता येत नाही, पण पुरावा अपुरा आहे" असा होतो. याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क आहे आणि आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. शिवाय तो निर्णय मुख्यतः डोक्याला लावून वापरायच्या मोबाइलच्या अभ्यासांवर आधारलेला होता. पुढे डब्ल्यूएचओनेच करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइल वापरणाऱ्यांमध्ये मेंदूचा कर्करोग वाढल्याचं त्यात दिसलं नाही.

याच संस्थेच्या यादीत पहिला गटही आहे, म्हणजे ज्यांनी कर्करोग होतो हे सिद्ध झालं आहे अशा गोष्टींचा. त्यात तंबाखू आहे, सुपारी आहे, दारू आहे. गालात तंबाखूची गोळी धरून एक आबा मला राउटरच्या रेडिएशनबद्दल विचारत होते. मी त्यांना म्हटलं, "आबा, राउटर राहू द्या, गोळी थुंका." ते हसले, पण थुंकून आले.

गरोदर महिलांसाठी: घरातल्या वाय-फायने बाळाला इजा होते, असा विश्वासार्ह पुरावा नाही. पेसमेकर असणाऱ्यांसाठी: घरात वाय-फाय चालतं. मोबाइल आणि राउटरसारख्या वस्तू पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर लांब ठेवा. मोबाइल शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात ठेवू नका. राउटरपेक्षा इंडक्शन शेगडीकडे जास्त लक्ष द्या. तिच्यापासून दोन फूट अंतर ठेवा.

आणि हो, राउटरवर किंवा मोबाइलवर चिकटवायची "रेडिएशन शोषून घेणारी" स्टिकरं, गळ्यात घालायची लॉकेटं यांवर एक रुपयाही घालवू नका. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने डिसेंबर २०२१ मध्ये "५जीपासून संरक्षण" म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा वस्तूंबद्दल इशारा दिला होता. तपासणीत त्या वस्तूच किरणोत्सर्गी निघाल्या. तेही एक्स-रेच्या जातीच्या, खरोखर अपायकारक किरणांच्या.

राउटरवर ढकललेला आजार

ही भीती नुसती हसण्यावारी नेण्यासारखी मला वाटत नाही, त्याला कारण आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून एक हकीकत सांगतो.

चाळिशी ओलांडलेल्या एक ताई गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "डोकं पण दुखायचं सकाळी सकाळी. पण त्याचं कारण सापडलं. मुलाच्या अभ्यासासाठी वाय-फाय घेतलं तेव्हापासून सुरू झालं. आता चार महिने झाले, बंदच ठेवलंय." "मग डोकं थांबलं का?" मी विचारलं. "कमी आहे तसं. शेजारच्यांचं येतं ना भिंतीतून, म्हणून पूर्ण जात नसेल." सवयीप्रमाणे मी रक्तदाब घेतला. १८६/११२. पाच मिनिटांनी पुन्हा घेतला, फारसा फरक नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मूत्रपिंडाच्या तपासण्या सुदैवाने ठीक होत्या, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्यावर रक्तदाबाच्या खुणा दिसू लागल्या होत्या.

त्यांची डोकेदुखी रक्तदाबामुळेच होती का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. रक्तदाब वाढलेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून तर तो मोजावा लागतो. पण मुद्दा वेगळाच आहे. "कारण सापडलं" असं वाटल्यामुळे त्या चार महिने कुठल्याच डॉक्टरकडे गेल्या नाहीत. तेवढे महिने त्यांच्या रक्तवाहिन्यांवर तो दाब राहिला. राउटरने त्यांचं काही बिघडवलं नाही. राउटरवर ठेवलेल्या आळाने मात्र बिघडवलं असतं.

वाय-फायमुळे त्रास होतो असं सांगणाऱ्या लोकांवर बरेच प्रयोग झाले आहेत. यंत्र चालू आहे की बंद, हे त्यांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, अशा पद्धतीने. लहरी चालू आहेत की नाहीत, हे त्यांना ओळखता येत नाही, असाच निष्कर्ष निघाला. डब्ल्यूएचओने २००५ मध्येच हे नोंदवलं आहे. पण त्यांचा त्रास खोटा नसतो. डोकं खरंच दुखतं, झोप खरंच येत नाही. कारण दुसरीकडे शोधावं लागतं. रक्तदाब, चष्म्याचा नंबर, थायरॉइड, रक्ताची कमतरता, झोपेत घोरणं, चिंता, नैराश्य. त्यामुळे "वाय-फायचा त्रास होतो" असं वाटत असेल तर राउटर काढा की ठेवा, पण आधी तपासून घ्या.

विकत घेण्याआधी निदान करा

आता दुसरा प्रश्न, कोणता घ्यायचा? इथे माझी सवय डॉक्टरचीच आहे. आधी तपासणी, मग औषध.

हल्ली फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनी किंवा केबलवाला एक खोकं लावून जातो. काचेच्या तारेतून आलेला प्रकाश त्यात विजेच्या संदेशात बदलतो. बहुतेक वेळा त्याच खोक्यात वाय-फायचा राउटरही असतो. म्हणजे राउटर तुमच्याकडे आधीच असू शकतो. नवा घेण्यापूर्वी मोबाइल घेऊन दोन जागी वेग तपासा. एकदा खोक्याजवळ, दोन-तीन पावलांवर उभं राहून, आणि एकदा जिथे अडचण येते त्या खोलीत.

जवळही वेग कमी असेल तर दोष बहुतेक कनेक्शनचा किंवा प्लॅनचा. नवा राउटर घेऊन उपयोग नाही, आधी कंपनीकडे तक्रार करा. जवळ चांगला आणि लांब वाईट असेल तर दोष जागेचा किंवा भिंतींचा. आधी खोक्याची जागा बदलून पाहा, त्याला पैसे लागत नाहीत. दोन्हीकडे चांगला, पण संध्याकाळी सगळे घरी आल्यावरच रडत असेल, तर मग राउटर जुना किंवा अशक्त असण्याची शक्यता आहे. तेव्हा नव्याचा विचार करा.

गरज किती, हेही लक्षात घ्या. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायला सेकंदाला २ ते ४ मेगाबिट पुरतात. दोन मुलांचे वर्ग, एक टीव्ही आणि चार मोबाइल असलेल्या घराला ५० ते १०० चा प्लॅन साधारण पुरतो. कॉल तुटतो तो बहुधा वेग कमी म्हणून नाही, तर सिग्नल स्थिर नाही म्हणून.

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ

औषधाच्या पाकिटावर जसं ब्रँडचं नाव मोठं आणि औषधाचं नाव बारीक असतं, तसंच राउटरच्या खोक्याचं आहे. बारीक वाचा.

*२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ.* हे लहरींचे दोन पट्टे आहेत. २.४ चा पट्टा लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी आरपार जातो, पण त्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे तिथेच. ५ चा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण भिंतीने लवकर अडतो. दोन्ही असलेला, म्हणजे "ड्युअल बँड" राउटरच घ्या. मोबाइलमध्ये वाय-फायच्या नावापुढे "५जी" असं दिसतं, ते या पट्ट्याचं नाव आहे. टॉवरच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. हे पाहून घाबरलेले किमान चार जण माझ्याकडे येऊन गेले आहेत.

*वाय-फाय ४, ५, ६.* या पिढ्या आहेत. २०१८ पासून हे सोपे आकडे वापरात आले. त्याआधी "एन", "एसी", "एएक्स" अशी अक्षरं असत आणि ती आजही खोक्यावर दिसतात. आज नवा घेताना वाय-फाय ६ परवडत असेल तर तो घ्या, कारण अनेक उपकरणं एकाच वेळी सांभाळण्यात तो पुढे आहे. नाही तर वाय-फाय ५ चा चांगला राउटरही छोट्या घराला पुरतो. फक्त २.४ वाला वाय-फाय ४ स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

*१२००, १५००, ३०००.* ही दोन्ही पट्ट्यांच्या कागदावरच्या वेगांची बेरीज असते. १२०० म्हणजे साधारण ३०० अधिक ८६७. तुमचा मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो आणि प्रत्यक्ष वेग त्याहूनही बराच कमी मिळतो.

*तारेची भोकं.* काही स्वस्त राउटरवर १२०० लिहिलेलं असतं, पण मागचं तारेचं भोक १०० मेगाबिटचंच असतं. तुमचा प्लॅन १०० पेक्षा मोठा असेल तर "गिगाबिट पोर्ट" आहे का ते विचारा. पाइप अर्धा इंची असेल तर नळ मोठा बसवून पाणी वाढत नाही.

*अँटेना.* चार की सहा, यावरून ताकद ठरत नाही. अँटेना उभा असेल तर लहरी आडव्या पसरतात. दुमजली घर असेल तर एखादा अँटेना तिरका करून पाहा.

रावेरची घरं आणि रावेरचा उन्हाळा

राउटरबद्दलचे बरेच सल्ले शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेले असतात. आपली गोष्ट वेगळी आहे. जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. त्या उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, पण ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यांत जिरतात. लोखंडी कपाट, फ्रिज, पत्र्याचं छत या लहरी परतवतात. पाण्याची टाकी त्या शोषते. केळीच्या बागेत शेतघर असेल तर हे चांगलं कळतं. पाण्याने भरलेली ती हिरवी रुंद पानं मध्ये आली की सिग्नल खाली जातो. केळी लहान असताना चालणारं वाय-फाय, बाग वाढल्यावर का चालत नाही, याचं उत्तर बहुतेक तिथेच असतं.

म्हणून जागा महत्त्वाची. राउटर घराच्या मध्यावर, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, उघड्या फळीवर ठेवा. कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर नको. जाड भिंतींच्या लांबट घरात एकच महागडा राउटर घेण्यापेक्षा, पहिल्या राउटरपासून एक लॅन केबल मागच्या खोलीपर्यंत नेऊन तिथे दुसरा साधा राउटर लावणं स्वस्त पडतं आणि चांगलं चालतं. केबल टाकणं शक्य नसेल तर "मेश" प्रकारचा संच घ्या. भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचे साधे रिपीटर वेग बराच खातात. तो शेवटचा पर्याय समजा.

आणि उन्हाळा. बहुतेक घरगुती राउटर ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात चालण्यासाठी बनवलेले असतात. माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलं तापमानच ४५ च्या आसपास जातं. पत्र्याखाली काय होत असेल, याचा विचार करा.

याचीही एक हकीकत आहे. एक निवृत्त शिक्षक, वय पंचाहत्तरच्या पुढे, हृदयाची पंपिंग क्षमता कमी झालेली. घरात ते आणि त्यांच्या मिसेस. मुलगी पुण्यात. ठरलं असं होतं की सरांनी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचं, वहीत लिहायचं आणि मुलीला दाखवायचं. आठवड्यातून एकदा मी व्हिडिओवर बघायचो. अशा रुग्णाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. श्वास लागण्याच्या आधी काटा ते सांगतो.

मे महिन्यात दुपारी एक ते पाच कॉल लागेनासा झाला. मुलीची शाळा सकाळची, तिला वेळ दुपारीच. तिने दुप्पट किमतीचा राउटर पाठवला. दोन दिवस बरा चालला, मग पुन्हा तेच. शेवटी मीच सरांना फोनवर विचारलं, "सर, तो आहे कुठे?" तो होता माळ्यावर, पत्र्याच्या बोटभर खाली. तार तिथूनच आत येत होती, म्हणून बसवणाऱ्याने तिथेच ठोकला होता. शंभरेक रुपयांची केबल टाकून तो खाली मधल्या खोलीत आणला आणि दुपारचा कॉल सुरू झाला.

जूनमध्ये मुलीने कॉलवर पाहिलं, की बाबा उशांना टेकून बसूनच बोलतायत आणि वाक्य मध्येच तोडतायत. "मोजे घट्ट होतात" असंही ते म्हणाले. वही दाखवायला सांगितली तर चार दिवसांत तीन किलो वाढलेले. लोणच्याचे दिवस होते, मीठ वाढलं होतं. तिने मला फोन केला, मी त्यांना त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं, औषध बदललं आणि भरती करावं लागलं नाही. राउटरमुळे जीव वाचला, असं मी म्हणणार नाही. काटा, वही, मुलगी आणि औषध, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण पायाची सूज आणि श्वासाची धाप साध्या फोनवर दिसली नसती. "मी बरा आहे" एवढंच ऐकू आलं असतं. सर तेच म्हणत होते.

वीज

राउटरला साधारण १० वॅट लागतात. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला सात-साडेसात युनिट. वीज गेली की इंटरनेट जातं, म्हणून घरात आजारी किंवा एकटं राहणारं माणूस असेल तर राउटरला इन्व्हर्टरची लाइन द्या किंवा मिनी यूपीएस घ्या. फायबरचं खोकं आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागतो. लोक एकालाच देतात आणि यूपीएसला नावं ठेवतात. मिनी यूपीएस घेताना अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा पाहा, ९ व्होल्ट की १२. चुकीचा जोडला तर राउटर जळू शकतो. अ‍ॅडॉप्टर हरवला तर रस्त्यावरचा बिनमार्काचा घेऊ नका. भारतीय मानक ब्युरोची खूण आणि "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. मला विचाराल तर राउटरपासून खरा धोका कुठला असेल, तर तो तापलेल्या हलक्या अ‍ॅडॉप्टरचा.

घराला कुलूप आणि रात्रीचे दहा

राउटर हे घराचं दार आहे. २०१६ मध्ये "मिराय" नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती एवढीच होती, की कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललेला नव्हता. राउटर बसवल्या दिवशी दोन पासवर्ड बदला. एक वाय-फायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगचा. मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवू नका. सुरक्षेच्या पर्यायात "डब्ल्यूपीए३" किंवा किमान "डब्ल्यूपीए२" निवडा. कंपनी सॉफ्टवेअरची दुरुस्ती पाठवत राहते का, हे पाहूनच मॉडेल घ्या. पाहुण्यांसाठी "गेस्ट नेटवर्क" असतं, ते वापरा. माझ्या दवाखान्यात रुग्णांसाठी वेगळं नेटवर्क आहे आणि ज्या कॉम्प्युटरवर तुमचे रिपोर्ट असतात तो वेगळ्या नेटवर्कवर आहे. अंगणात कॅमेरे लावले असतील तर तेही गेस्ट नेटवर्कवर टाका.

मुलांसाठी राउटरमध्ये एक सोय पाहा, वेळ ठरवण्याची. ठरावीक उपकरणांचं इंटरनेट रात्री दहाला आपोआप बंद करता येतं. डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या सल्ल्यानुसार एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. झोप उडते ती राउटरच्या लहरींनी नाही, उशीखालच्या मोबाइलने. पण राउटरला वेळ लावून भागत नाही, कारण मोबाइलमध्ये सिम असतं. घरातल्या सगळ्यांचे मोबाइल रात्री एकाच ठिकाणी चार्जिंगला ठेवायचे, हा नियम जास्त चालतो. त्यात वडिलांचाही मोबाइल आला.

थोडक्यात

- आधी दोन जागी वेग तपासा. गरज नसेल तर नवा घेऊ नका.
- घ्यायचाच तर ड्युअल बँड, शक्यतो वाय-फाय ६, गिगाबिट पोर्ट, आणि सॉफ्टवेअरची दुरुस्ती मिळत राहील असा.
- जागा: घराच्या मध्यावर, उंच, उघडी, पत्र्यापासून आणि उन्हापासून लांब.
- वृद्ध किंवा आजारी माणसाच्या घरात बॅकअप आवश्यक.
- पहिल्याच दिवशी दोन्ही पासवर्ड बदला.
- डोकं दुखत असेल तर राउटरआधी रक्तदाब तपासा.

शेवटी एक गोष्ट, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. छातीत दुखणं, अचानक एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, खूप धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर व्हिडिओ कॉल लावत बसू नका. मुलांना नंतर कळवा. आधी साध्या फोनवरून १०८ ला फोन करा आणि जवळच्या दवाखान्याकडे निघा. हा नंबर राउटरजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.